एक माल, एकच जागा

ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अ. आ. वि. वि.

तुझं खोकं काल पोचलं. दोन्ही डिस्क धडधाकट आहेत. त्या तू तुझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळल्यास, म्हणून आईला वाटलं तू स्वेटरच पाठवलास. तिने तो चाचपला, नाकाशी धरला आणि उशाखाली ठेवला. तेव्हा स्वेटर गेला असं समज.

बाकीचं सामान मी इथेच जमवलं. एका ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर भंगारवाल्याकडे होता, तो उचलला. उघडला तर आत इतकी धूळ की पेरणी करता आली असती. रंगाच्या ब्रशने झाडून काढला. तुझ्या डिस्क बसवायला जागा नव्हती, म्हणून जुन्या रॅकच्या पट्ट्या कापून ठोकल्या. वरच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्यांनी विचारलं की हे काय चाललंय. मी सांगितलं, घरचा सर्व्हर बांधतोय. त्यांनी मान डोलावली, म्हणजे त्यांनाही माझ्याइतकंच कळलं.

आईची नजर आता उजेड आहे की अंधार, एवढ्यापुरती उरली आहे. दुपारी तिला बाबांचे व्हिडिओ लावून देतो. बाबा जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिले, त्यामुळे ते चित्रात कुठेच नाहीत आणि आवाज मात्र सगळीकडे. आईला आवाजच हवा असतो, तेव्हा तिचं काही बिघडत नाही. पण तो जुना लॅपटॉप सारखा अडकतो. परवा तो मध्येच थांबला तर आई म्हणाली की पाणी द्या रे त्यांना कोणी. म्हटलं, आता हे काम लांबवायचं नाही.

मी आयुष्यभर गोदाम सांभाळलं. खिळ्यापासून पंपापर्यंत काय कुठे आहे ते झोपेतही सांगितलं असतं. मग चार व्हिडिओंचं गोदाम सांभाळायला काय जड आहे, असं तू म्हणालीस. जड काही नाही गं, फक्त या गोदामात माल दिसत नाही.

पुढच्या सूचना जावईबापूंना विचारून पत्रानेच पाठव. फोन आईला स्पीकरवर लागतो आणि दुसऱ्याच वाक्याला ती तुझ्या पाठदुखीवर येते. शिवाय कागद असला की मशीनशेजारी ठेवून एकेक ओळ खोडत जाता येतं.

बाकी क्षेम. तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
दादा

•

ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. रॅकच्या पट्ट्यांवर हे इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. मग गंभीर होऊन म्हणाले की दादांनी ते पक्कं ठोकलं असेल, आपल्या ऑफिसातल्यांपेक्षा पक्कं. तेव्हा शाबासकी समज.

सोबतच्या कागदावर सगळं क्रमाने लिहिलं आहे. पेन ड्राइव्हवर सिस्टिम घालून पाठवली आहे, ती लावायची आणि विचारेल त्याला हो म्हणत जायचं. नंतर दोन डिस्क तुला दोन कपाटं म्हणून दिसतील. कपाट एकमध्ये बाबांचे व्हिडिओ ठेवायचे. कपाट दोन आपोआप भरेल, त्याची काळजी तू करायची नाहीस. एक डिस्क बिघडली तरी दुसरी असावी, एवढाच त्यामागचा हेतू. फार खोलात लिहीत नाही. तू म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचून औषधच न घेणारा माणूस.

आईला सांग, पाठ बरी आहे. स्वेटर परत मागत नाही. गेल्या वर्षी येते म्हणाले आणि आले नाही, त्याचं व्याज समजून ठेवून घे म्हणावं. हे सामान पाठवताना मला सारखं वाटत होतं की खोक्यात बसून मीच यायला हवं होतं. माझ्या दुकानात कामाला माणसं कमी आहेत, हे मी तुला दर वेळी सांगते आणि सांगताना मलाच लाज वाटते. येईन तेव्हा बाबांच्या व्हिडिओंची माझ्यासाठी एक प्रत काढून नेईन. माझ्याकडे त्यांच्या आवाजाचा एक शब्दही नाही.

मशीन चालू झालं की लगेच कळव. रागावून लाथ मारू नकोस.

तुझा जीव आमच्यावर आहे तसाच राहू दे,
ठकी

•

ता. ३ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. आ. वि. वि.

झालं. चाललं. लाथ मारावी लागली नाही.

मशीन कपड्यांच्या कपाटावर ठेवलं आहे. हळू आवाजात घुंई करतं. टीव्हीच्या रिमोटवरच्या एका बटणावर मी शर्टचं बटण चिकटवलं, म्हणजे आईच्या बोटाला सापडतं. ते दाबलं की बाबा सुरू. पहिल्या दिवशी तू तलावाकाठी पडलीस तो व्हिडिओ लागला. बाबा तुला उचलायचं सोडून ठकी, नाक पूस, चित्र खराब होतंय, असं ओरडतात तो. आई हसून हसून आडवी झाली. मला माझाच इतका अभिमान वाटला की मी बिल्डिंगमध्ये सांगत सुटलो.

त्याचा परिणाम असा की आता लोक आपापले पेन ड्राइव्ह घेऊन येतात. बेकरीवाल्यांच्या घरचे समारंभ, समोरच्या बाईंच्या नातवाचे पोहण्याचे धडे, एकाची तर नुसती मांजर. मी कोणाला नाही म्हणालो नाही. इतक्या वर्षांनी माझ्या दारात माल उतरतोय, पावती मागणारा कोणी नाही, मग छाती फुगणारच. जागा मात्र भराभर संपते आहे.

बाबांचे व्हिडिओ ज्या जुन्या डिस्कवर होते ती मी पुसून बेकरीवाल्यांना देऊन टाकली. त्यांना हिशेबाला हवी होती. नव्या गोदामात माल पोचला की जुन्याला कुलूप, ही माझी जुनी शिस्त तुला माहीतच आहे. कॅसेट तर बुरशी लागून कधीच गेल्या.

जावईबापूंना सांग, पट्ट्या हलत नाहीत.

सगळ्यांना माझे आशीर्वाद पोचते कर,
दादा

•

ता. १२ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. आ.

हे पत्र वाचून फोन करू नकोस. केलास तर हवापाण्याचं बोल. आईला यातलं काही माहीत नाही.

बाबांचे सगळे व्हिडिओ गेले. माझ्या हातून गेले.

कसं ते सांगतो, म्हणजे तुला मला शिव्या देणं सोपं जाईल. गेल्या आठवड्यात जागा संपली असं मशीन सांगू लागलं. मी दोन्ही कपाटं उघडून पाहिली. एकात जो माल, तोच दुसऱ्यात, त्याच नावाने, त्याच क्रमाने. गोदामात मला हे दिसलं असतं तर मी कोणालातरी फैलावर घेतलं असतं. एक माल, एकच जागा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचो. तू दुसरी प्रत असावी म्हणून लिहिलं होतंस, ते मला आठवत होतं. पण वाटलं, डिस्क नव्या आहेत, इतक्यात कुठे बिघडणार, तोवर बेकरीवाल्यांचं सामान मावेल, मग बघू. कपाट दोनमधून बाबांचे व्हिडिओ काढून टाकले. लगेच त्या जागी बेकरीवाल्यांचे समारंभ भरले, काठोकाठ. मग हात धुऊन चहा घेतला. काम नीट झाल्यासारखं वाटत होतं.

दुपारी आईने बटण दाबलं. काही लागलं नाही. मी कपाट एक उघडलं. तिथेही मांजर आणि समारंभ, बाबा नाहीत. कपाट दोनमधून मी जे काढलं ते मशीनने कपाट एकमधूनही इमानेइतबारे काढून टाकलं होतं. मी धावत वर जाऊन बेकरीवाल्यांकडची जुनी डिस्क मागितली. तिच्यात त्यांचे हिशेब गच्च भरले आहेत.

आईला सांगितलं की मशीन बिघडलं आहे, दुरुस्त होईल. ती म्हणाली, होऊ दे सावकाश. पण रोज दुपारी ती त्या जागी येऊन बसते आणि बटणावर बोट ठेवून असते. दाबत नाही. मला ते बघवत नाही, म्हणून मी भाजी आणायला बाहेर पडतो. घरात भाजी ठेवायला जागा नाही.

माझ्या शहाणपणाला काय म्हणायचं ते तूच म्हण.

दादा

•

ता. २१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण आधी माझं ऐक.

एका कपाटातून काढलंस की दुसऱ्यातूनही जातं, हे वाक्य यांनी मला सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. ठळक लिही म्हणाले होते. मी लिहिलं नाही. मला वाटलं, हे वाचून तू मशीनला हातच लावणार नाहीस, मग आईचं राहून जाईल, आणि ते राहून गेलं की मला स्वतः यावं लागेल. शेवटचा भाग मी तेव्हा मनातसुद्धा नीट म्हटला नव्हता. आता म्हणते आहे. तेव्हा सगळं पाप तू एकट्याने डोक्यावर घेऊ नकोस, अर्धं माझं आहे. लहानपणी खाऊचा अर्धा वाटा मागायचे तशी मागते आहे, यात तरी तू मोठेपणा करू नकोस.

यांना सांगितलं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. मग म्हणाले की मशीन लगेच बंद करा, आणखी काही भरू नका, आणि दोन्ही डिस्क इकडे पाठवा. त्यांच्या ओळखीचा एक माणूस पुसलेलं परत काढून देतो. पण वर दुसरं भरलं गेलं असेल तर आशा कमी, असंही म्हणाले. मी तुला खोटा धीर देत नाही.

आणि दादा, आईला सांगून टाक. ती कडक आहे, पण ती मोडणारी नाही. जितका उशीर करशील तितकं जड जाईल.

माझ्यावर राग धरलास तरी चालेल, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस,
ठकी

•

ता. ९ एप्रिल

चि. सौ. ठकीस,
अ. आ. वि. वि.

डिस्क त्याच दिवशी रवाना केल्या, पोचल्याची तुझी चिठ्ठी मिळाली. आईला मी सांगितलं नाही. त्याहून वाईट केलं आहे. आगीतून उठून फुफाट्यात पडलो म्हणतात ते हे.

तुला आठवतं, मी फोन उचलला की लोक मला बाबाच समजायचे? आत्या तर एकदा मला अर्धा तास भाऊ समजून रडून गेली होती. दोन आठवड्यांपूर्वी आईला थोडा ताप होता. तिने विचारलं की मशीनचं काय झालं. मी दुरुस्त झालं असं म्हणून बसलो. मग आतल्या खोलीत गेलो, कपड्यांच्या कपाटात डोकं घातलं, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि बाबांच्या आवाजात बोलून ते फोनवर रेकॉर्ड केलं. तलावाकाठचा व्हिडिओ आठवेल तसा म्हटला. तुझं नाक पुसायला लावलं. मशीन बाजूला ठेवून ते बोलणं पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला जोडलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. तिने ऐकलं. हसली नाही. पण शेवटपर्यंत ऐकलं आणि उद्याही लाव म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक केलं. मग आणखी. आठवणारं सगळं आठ-दहा दिवसांत संपलं. त्यानंतर मी मनाचं बोलू लागलो. कॅमेऱ्यामागे बाबा उभे आहेत आणि समोर आई आहे असं धरून. काल काय बोललो ते सांगतो, सांगायचीही लाज वाटते. बाबांच्या आवाजात मी म्हटलं की तू सगळ्यांचं करत आलीस, पण दमलीस का, हे मी तुला कधी विचारलं नाही, ते माझं चुकलं. हे माझ्या तोंडून कसं आलं मला कळलं नाही. पुसून टाकणार होतो. पुसायची आता मला भीती वाटते.

आईने ते ऐकलं आणि पुन्हा लाव म्हणाली.

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची गोष्ट आपण लहानपणी हसत ऐकली. इथे डोळे तिचे मिटलेत आणि दूध मी पितोय. आंधळ्या आईला फसवणारा मुलगा असं माझं नाव झालं आहे, फक्त ते अजून कोणाला कळलेलं नाही. तुला कळवतो आहे, कारण कोणाला तरी कळायला हवं.

तुझा नालायक दादा

•

ता. २० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी. त्या माणसाने दोन्ही डिस्क दोन आठवडे चाळल्या. बेकरीवाल्यांचे समारंभ इतके नीट भरले होतेस की खाली काही राहिलं नाही. एक तुकडा तेवढा सापडला. बाबा म्हणतात, झालं का सुरू, लाल दिवा कुठाय गं, आणि संपलं. मी तो स्वयंपाकघरात उभ्याने ऐकला आणि मग खाली बसले.

आता तुझ्याविषयी. दादा, मला तुझा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. व्हिडिओ गेले ती चूक होती, ती आपल्या दोघांची होती. पण हे तू रोज उठून करतोस. बाबा गेले, त्यांनी जे म्हटलं ते म्हटलं, जे नाही म्हटलं ते नाही म्हटलं. त्यांना माफी मागायची असती तर कॅमेरा खाली ठेवायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. त्यांच्या तोंडी ती तू घातलीस आणि आई ती खरी मानून बसली. उद्या तिला कळलं तर तिने व्हिडिओही गमावले आणि हेही. मला तर विचारसुद्धा करवत नाही.

एवढं सगळं मी लिहिलं आणि मग मनात आलं की हे लिहिणारी मी कोण. तू चुकलास तरी तिथे आहेस. मी इथे बसून बरोबर आहे. दुकानाचं काय व्हायचं ते होवो, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मी येते. बाबांचा तुकडा सोबत आणते. तोपर्यंत तू सांगितलं नसलंस तर मी सांगेन.

रागावले आहे म्हणून नमस्कार कमी झालेला नाही,
ठकी

•

ता. १६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचले. स्टेशनवर तू मला काही विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. गाडी हलली तेव्हा आपण दोघंही सामान मोजत होतो. म्हणून आता लिहिते.

सांगेन म्हणून आले होते आणि न सांगता परतले. पहिल्या दुपारी तू बाहेर गेलास आणि आईने बटण दाबलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी आवाज सुरू झाला तसं मी मागे वळून पाहिलं, बाबा कुठे आहेत म्हणून. तू बाबांसारखा बोलतोस हे मला माहीत होतं. तू इतकं बोलू शकतोस, हे माहीत नव्हतं. घरात तुझी वाक्यं कोणती, तर औषध घेतलंस का, गॅस बंद केलास का, दार लावून घे. आणि तिथे कपड्यांच्या कपाटात डोकं घालून तू आईला सांगतोस की सकाळी तू उठलीस की घर उठतं. मी ऐकत राहिले. तुझ्यावरचा राग कुठे गेला मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो खरा तुकडा लावला. आईला काही न सांगता, मधेच. ती एकदम ताठ बसली. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावला. असा तो तिने किती वेळा ऐकला कोण जाणे, लाल दिवा कुठाय गं, लाल दिवा कुठाय गं, आणि दर वेळी ती हाताने इथे इथे असं करत होती. मग ती पदराने डोळे पुसून म्हणाली की पुरे, आता रोजचं लाव. मी रोजचं लावलं, म्हणजे तुझं. ते ऐकताना ती माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली की तुझे बाबा हल्ली फार बोलतात.

मी चहा ठेवते म्हटलं आणि उठले.

दादा, यातून काय समजायचं ते तू समज. मी तिला काही सांगितलं नाही आणि तिने मला काही विचारलं नाही. पण हे तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही, लपवाछपवी या घरात पुष्कळ झाली.

दिवाळखोर झाले तरी दर तीन महिन्यांनी येणार आहे, असं यांना सांगून टाकलं आहे. ते म्हणाले, बरं झालं.

तुमच्या दोघांची,
ठकी

•

ता. २९ मे

चि. सौ. ठकीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर मी आठवडाभर कपड्यांचं कपाट उघडलं नाही, नवं काही बोललो नाही. आईला जुनीच रेकॉर्डिंग लावून देत होतो. तिने तक्रार केली नाही. तिच्या तक्रार न करण्याने माझा जीव नकोसा झाला. आज दुपारी ती रिमोट घेऊन बसली तेव्हा मी थांब म्हटलं आणि समोर स्टूल ओढून बसलो.

सगळं सांगितलं. दोन कपाटं, बेकरीवाले, हात धुऊन चहा घेतला तो सुद्धा. आवाज माझा आहे हेही सांगितलं. सांगून झालं तेव्हा ती म्हणाली की पहिल्याच दिवशी कळलं होतं. व्हिडिओ गेले हे त्याच्याही आधी कळलं होतं, मशीन बिघडलं म्हणालास आणि त्याची घुंई चालूच होती तेव्हा. तू भाजीला गेलास की रडून घेत होते, म्हणाली. माझ्या त्या सगळ्या भाज्या मला आठवल्या.

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, बोलले असते तर तू थांबला असतास.

मला वाटलं सुटलो. पण तिला आणखी विचारायचं होतं, आणि ते विचारायला तिला वेळ लागला. तिने रिमोट या हातातून त्या हातात घेतला. म्हणाली की शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात तूच त्यांच्याजवळ असायचास. दमलीस का हे कधी विचारलं नाही, असं जे तू म्हटलंस, ते तुला ते बोलले होते का?

ठकी, हो म्हणणं किती सोपं होतं. तिथे खोलीत तिसरं कोणी नव्हतं, बाबा नाही म्हणायला येणार नव्हते. आणि तिला हो हवं होतं. तिने चेहरा माझ्याकडे असा वळवला होता, जसा दिसत असताना वळवायची. दोन महिने मी खोटं बोललो, त्यात आणखी एक शब्द. तो मला दिसत होता, अगदी जिभेवर.

नाही म्हणालो. बाबा असं कधीच काही बोलले नाहीत, ते माझं होतं, असं सांगितलं.

तिने चेहरा पुन्हा उजेडाकडे फिरवला. मला वाटलं, उरलेसुरले बाबाही मी आत्ता पुसले. उठावं की बसावं कळेना. माझं चुकलं म्हणावं तर तो शब्दसुद्धा मी त्यांच्या नावाने वापरून टाकला होता.

मग तिने रिमोट बाजूला ठेवला आणि म्हणाली की तुझं आहे ना, मग तू म्हण.

मी म्हटलं. माझ्या नावाने म्हटलं, की आई, इतकी वर्षं तू माझं केलंस, मी शेजारच्या खोलीत होतो आणि दमलीस का हे मी तुला कधी विचारलं नाही. आवाज तोच निघाला, मला दुसरा आवाज नाही. पण या वेळी तिला उत्तर देता येत होतं.

दमले रे, म्हणाली. फार दमले.

आणि मग सांगू लागली. अजून सांगते आहे. मधेच तिला डुलकी लागली आहे, तेवढ्यात हे लिहून घेतो. जागी झाली की पुढचं ऐकायचं आहे.

तिचे आशीर्वाद तुला, माझेही,
दादा